वरच्या फळीवरचा शालू

धाराशिवच्या बाजारपेठेत एका कापड दुकानाच्या गादीवर मी बत्तीस वर्षं मांडी घालून बसलो. त्यात माझे गुडघे गेले, ते सगळ्यांना दिसतं. बाकी काय काय गेलं ते मला सांगायचं आहे आणि ते मी गोड करून सांगणार नाही. आयुष्यभर गोडच बोललो. ‘ताई, हा रंग तुमच्यासाठीच आलाय,’ हे वाक्य मी इतक्या बायकांना म्हटलंय, की न्यायला आलेल्या यमाच्या रेड्यालाही मी तेच म्हणेन.

आमच्या मालकाचा एक लाडका शब्द होता. ‘घरचा.’ कुणी मोठं गिऱ्हाईक आलं, की माझ्या पाठीवर हात ठेवून तो म्हणायचा, ‘हा काय नोकर न्हाय बरं का, घरचा माणूस आहे.’ माझी छाती फुगायची. वीस वर्षांचा होतो तेव्हा फुगायची, ते समजू शकतो. पण पन्नाशीतही फुगायची, ह्याला काय म्हणावं? घरच्या माणसाला रजा नसते. घरच्या माणसानं घड्याळाकडं बघायचं नसतं, आणि मालकाचं पोरगं सगळ्यांसमोर ‘अय, तो तागा उचल’ म्हणालं तरी घरच्या माणसानं हसून उचलायचं असतं. एकदा ‘घरचा’ म्हणवून घेतलं की भांडायची सोय राहत नाही. एवढी साधी गोष्ट कळायला मला बत्तीस वर्षं लागली.

माझं खरं काम बस्ते बांधायचं. आमच्याकडं लग्न ठरलं की दोन्हीकडची पंधरा-वीस माणसं गाडी करून दुकानात येतात. नवरीच्या शालूपासून मानाच्या साड्या, टोपी-टॉवेलापर्यंत सगळं एकाच ठिकाणी घेतात. अख्खा दिवस जातो. शेवटी कापडाच्या ढिगाला हळदी-कुंकू वाहतात, नारळ फोडतात आणि मगच उठतात. अशा दिवशी नुसता माल दाखवून भागत नाही. कोणत्या आत्याचं नाक कधी वाकडं होणार, कोणती मामी दुसरीच्या साडीचा काठ बोटानं मोजतेय, कोणत्या म्हाताऱ्याला चहा पहिला द्यायचा, हे गादीवरून ओळखावं लागतं. ते मला चांगलं जमायचं, हे मी खोट्या नम्रतेनं लपवणार नाही. ईट, सोनारी असल्या गावांकडची माणसं दारातूनच विचारत यायची, ‘ते बस्तेवाले हायत का?’ काही घरांत आईचा बस्ता मी बांधला आणि पुढं लेकीचाही मीच बांधला.

ह्याचा एक अर्थ असा, की लगीनसराईत माझ्या घरचं एकही लग्न मला धड मिळालं नाही. बहिणीच्या मुलीच्या लग्नात मी मामा. मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या पाठीशी मामानं उभं राहायचं असतं. त्या दिवशी सकाळी दुकानात वाशी तालुक्यातला एक मोठा बस्ता होता. ‘बोहनी करून दे नि जा, तुझ्याशिवाय ते लोक ऐकायचे न्हाईत,’ असं मालक म्हणाला. बोहनी झाली, मग शालू झाला, मग नवरदेवाचा कोट झाला. मी मांडवात पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि माझ्या जागी शेजारचा कुणीतरी उभा राहिला होता. मी दुकानाकडून आहेराची साडी नेली होती. बहिणीनं ती माझ्या हातातून घेतली नाही. ‘मालकाची साडी मालकाला दे. माज्या पोरीला मामा न्हाय,’ एवढंच म्हणाली. नऊ वर्षं झाली, ती माझ्या दारात आलेली नाही. मीही तिच्या दारात जायला हवं तेवढं गेलो नाही. मला वाटायचं, तिला धंद्यातलं काय कळतंय.

मधे बायपासला एक मोठं शोरूम झालं. त्यांचा माणूस घरी येऊन बसला. खुर्चीवर बसून विकायचं, हक्काची रजा, गुडघ्यांना आराम. बायको चहा ठेवायच्या निमित्तानं आतूनच खुणा करत होती, हो म्हणा म्हणून. मी त्या माणसाला असं काही सुनावलं की त्यानं अर्धा चहा कपातच टाकला. दुसऱ्या दिवशी ही गोष्ट मी मालकाला सांगितली. सांगताना मला वाटलं, तो मला मिठी मारेल. तो म्हणाला, ‘मग? जाणार होतास का काय?’ आणि पान लावत बसला. बायको त्या दिवसापासून मला ‘दुकानाचा जावई’ म्हणायला लागली. जावयाला निदान मान असतो, हे तिलाही ठाऊक होतं.

मग माझ्या मुलीचं ठरलं. ईटचं घर, शेतीवाडी बरी, मुलगा भूमला नोकरीला. बोलणी झाली तेव्हा बस्त्याचा विषय निघाला. आमच्यात नवरीचे कपडे मुलाकडच्यांनी घ्यायचे आणि नवरदेवाचे आम्ही. व्याही म्हणाले, ‘पाव्हण्याचं दुकान आसताना बाह्यर कशाला जायाचं? तिथंच बांधू.’ विहीणबाईंना बार्शीला जायचं होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण नवऱ्यापुढं त्या गप्प बसल्या. मी हरखलो. बत्तीस वर्षं लोकांचे बस्ते बांधले, आता माझ्या लेकीचा माझ्याच गादीवर बांधला जाणार. मी घरी येऊन बायकोला म्हणालो, ‘त्या दिवशी मी पाव्हणा. गादीच्या ह्या कडेला बसणार, पाय लांब करून.’ ती म्हणाली, ‘बसू दिलं तर बघू.’

त्या दिवशी मी नवा शर्ट घातला. मुलाकडच्यांची क्रूझर दुकानासमोर थांबली, मालक स्वतः पायरीवर आला, व्याह्यांना हार घातला, चहा फिरला. मी गिऱ्हाइकाच्या बाजूला व्याह्यांशेजारी बसलो, बायको आणि मुलगी विहीणबाईंजवळ. समोर माझ्या जागी दुसरा सेल्समन बसलेला. त्या बाजूनं दुकान किती उंच दिसतं, हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. मी खरंच पाय लांब केले होते.

मानाच्या साड्या झाल्या. शालूवर गाडी अडली. विहीणबाईंना एकही पसंत पडेना. हा भडक, तो फिका, त्याचा जरीकाठ पिवळा. त्या प्रत्येक साडी अशा लोटत होत्या, जणू मनातला बार्शीचा राग त्या साडीवर काढत होत्या. समोरचा सेल्समन घामाघूम झाला. गल्ल्यावरून मालक हसत हसत मोठ्यानं म्हणाला, ‘आरं, तू काय बसलायस पाव्हण्यासारखा? ये की वर. विहीणबाईंना तुझ्या हातानं दाखव.’ सगळे हसले. व्याहीही हसले. त्यांना ती थट्टा वाटली.

आणि मी उठलो. उठायला नको होतं. ‘आज न्हाय मालक, आज मी मुलीचा बाप आहे,’ एवढं एक वाक्य बोललो असतो तर पुढचं काहीच झालं नसतं. पण मी हसत उठलो, गादीला वळसा घातला आणि मांडी घातली. बायको खाली सतरंजीकडं बघत होती.

मालक पुढं म्हणाला, ‘वरच्या फळीचं दाखव.’

वरच्या फळीवर काय असतं, ते आमच्या दुकानात झाडूवाल्यालाही माहीत होतं. तिथं पडून राहिलेला माल असायचा. फॅशन गेलेला, हंगाम चुकलेला, वर्षानुवर्षं एकाच घडीत दाबून बसलेला. एक डाळिंबी शालू तिथं इतकी वर्षं पडून होता, की त्याच्या पिशवीचं प्लास्टिक पिवळं पडलं होतं. रेशमी कापड एकाच घडीत फार दिवस राहिलं, की घडीवर विरतं. वरून काही दिसत नाही, फक्त उजेडात आडवं धरलं तर रेघ दिसते. मला ती रेघ माहीत होती. तोच शालू मी दोनदा दुसऱ्या गिऱ्हाइकांना दाखवून, मन न झाल्यानं, परत वर ठेवला होता. परक्यांच्या पोरींसाठी मन झालं नव्हतं, हे मुद्दाम सांगतो.

शिडी लावली. शालू काढला. झटकला. एवढ्या वर्षांची सवय, झटकल्याचा तो आवाज आला, की माझा हात माझा राहायचा नाही. पदर उलगडला तो विहीणबाईंच्या मांडीवर. मधली घडी माझ्या डाव्या तळहाताखाली. हे आम्हाला शिकवावं लागत नाही. दोष असेल तिथं तळहात ठेवायचा आणि दुसऱ्या हातानं बुट्टा दाखवत राहायचं. मी म्हणालो, ‘विहीणबाई, बाकीचं सगळं बाजारात मिळतं. असं डाळिंबी आता विणत न्हाईत.’ हे खरं होतं. विणत नाहीत कारण कुणी घेत नाही.

मालकाची भीती एवढंच कारण असतं तर मी स्वतःला माफ केलं असतं. विहीणबाई इतका वेळ सगळ्यांना नाकारत होत्या आणि मला त्यांना जिंकायचं होतं. व्याह्यांसमोर, मालकासमोर, त्या घामाघूम सेल्समनसमोर. बघा, बस्तेवाला काय चीज आहे ते. माझी मुलगी आरशापुढं उभी राहिली. मी उठून तिच्या खांद्यावर शालू टाकला आणि तळहात त्या घडीवर तसाच ठेवला. ती आरशात बघत नव्हती, खाली बघत होती. मला वाटलं, लाजली. मग ती सासूला म्हणाली, ‘आत्या, हाच घेऊ.’ विहीणबाई पहिल्यांदा हसल्या. नारळ फुटला. मालकानं माझ्या पाठीवर हात ठेवून सगळ्यांना सांगितलं, ‘घरचा माणूस आहे हो.’

लग्न पार पडलं. मुलगी वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला वाकली, तेव्हा गुडघ्यावर शालू फाटला. करवल्यांनी पिना लावल्या, वर शेला ओढला, गर्दीत खपून गेलं. लग्नानंतर आठवड्यानं सासरच्या घरात भावकीतल्या बायका शालू बघायला बसल्या आणि उलगडताना तो घडीघडीवर सुटला. फोन विहीणबाईंचा आला. त्या ओरडल्या नाहीत. ‘पाव्हणं,’ त्या म्हणाल्या, ‘दुकान तुमचं, हात तुमचा, पोरगी बी तुमचीच. आता आमी कुणाला इचारायचं?’

मी काहीतरी पुटपुटलो आणि शालू मागवून घेतला. जावयानं तो पिशवीतून आणून दिला. पिशवी देताना त्यानं मला नमस्कार केला, पण बसला नाही.

दुकानात गेलो. मालकानं शालू हातात घेतला, दोन बोटांत घडी चोळली. ‘विरलाय,’ म्हणाला. जसं काही आज कळलं.

‘मालक, बदलून द्या.’

‘नेसलेला माल आपण बदलतो का? तूच सांगतोस की गिऱ्हाइकांना.’

‘माझ्या पोरीचा आहे.’

‘म्हणून तर म्हणतोय. परका भांडला आसता तर समजलो आसतो. घरच्या माणसानं आसं दारात येऊन उभं राहावं का?’

माझं डोकं फिरलं. ‘वरच्या फळीचं दाखव म्हणून तुम्हीच बोललात!’ मी ओरडलो. दुकानात दोन बायका होत्या, त्या वळून बघायला लागल्या. मालकानं आवाज खाली आणला. त्याला चिडायची गरजच नव्हती. ‘मी दाखव म्हणलो,’ तो म्हणाला. ‘विक म्हणलो होतो का? विकलास तू.’

ह्या माणसाला मी शिव्या देऊ शकलो असतो. मनात दिल्या, आजही देतो, सकाळी दुकानाचं शटर वर जाताना रोज एक. पण तो खरं बोलत होता. त्या दोन बायका साड्यांसाठी थांबल्या होत्या. मालक म्हणाला, ‘बघ जरा त्यांना.’ मी गादीवर चढलो आणि बघितलं. ह्याच्याइतकी लाजिरवाणी गोष्ट माझ्या आयुष्यात दुसरी नाही. ती मी बायकोलाही सांगितलेली नव्हती.

बायकोनं तिच्या पद्धतीनं निकाल लावला. बायपासच्या त्याच शोरूममधून तिनं दुसरा शालू आणला आणि माझ्या मांडीवर टाकला. ‘जावा. देऊन या. आन् तिथं तरी तोंड उघडा.’ मी एसटीनं भूम गाठलं, तिथून ईट. वाटेत सगळं ठरवलं होतं. विहीणबाईंसमोर उभं राहायचं आणि सांगायचं, मला माहीत होतं, तरी विकला. पोरीचा काही दोष नाही.

मी पोचलो तर विहीणबाईंचा सूर बदललेला. पाणी दिलं, बसा म्हणाल्या. ‘राहू द्या हो, शालू कशाला आणलाव? सूनबाईनं सांगितलं समदं. शालू चांगलाच व्हता. हिनंच वल्या अंगानं घडी घातली, कोंदट पेटीत दाबून ठिवला, मला न सांगता. बोलले मी तिला. लई बोलले. तुमास्नी उगंच बोलले.’

मुलगी चुलीच्या खोलीच्या दारात उभी होती. माझ्याकडं बघत नव्हती. मी बोलायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. व्याही म्हणाले, ‘चहा घ्या, पाव्हणं.’ मी चहा घेतला.

ती मला थांब्यापर्यंत सोडायला आली. डोक्यावर पदर, हातात माझी रिकामी पिशवी. मी म्हणालो, ‘तू खोटं कशाला बोललीस?’

‘मग काय सांगायचं होतं?’

‘मला ठाऊक नव्हतं गं...’ मी सुरू केलं. पोरीच्या तोंडावर, तिच्या सासरच्या गावात, तिनं माझ्यासाठी शिव्या खाल्ल्यावर, मी विकायला सुरुवात केली होती.

‘अप्पा,’ ती म्हणाली, ‘शाळा सुटली की मी दुकानात येऊन तुमच्या मागं बसायचे. तुमचा हात कुठं आन् कशापायी पडतो, ते मला कळत न्हाय व्हय? त्या दिवशी पण दिसलं मला. आरशासमोर उभी होते तेव्हा वाट बघत होते. म्हणलं, आता काढतील. आता काढतील. सासू बघाय लागली, मालक बघाय लागला, तुमी काय हात काढंना. मग म्हणलं, आपणच ‘हाच घेऊ’ म्हणावं. उगं चारचौघांत तुमचं हसं व्हायचं.’

एसटी आली. मी चढलो. खिडकीतून तिला काहीतरी सांगावं म्हणून शोधलं तर तोंडात एवढंच आलं, ‘जपून राहा.’ तिनं मान हलवली आणि पिशवी मला द्यायची राहिली म्हणून गाडीमागं दोन पावलं पळाली, मग थांबली.

मी नोकरी सोडली असेल, असं वाचणाऱ्याला वाटत असेल. नाही सोडली. ह्या वयात कुठं जाणार, गुडघे असे, बायपासवाले आता घेणार नाहीत, अशी कारणं मी स्वतःला देतो आणि माझाच माल मी पसंत करतो. मालक अजून मला घरचा म्हणतो. छाती आता फुगत नाही, पण हसू येतं. ते हसू कुठून येतं, मला समजत नाही आणि त्या हसण्याचा मला संताप येतो.

मागच्या महिन्यात मुलीच्या नणंदेचं ठरलं. मला वाटलं, आता व्याह्यांचा फोन येईल. मी मनात तयारीही केली होती. ह्या वेळी वरच्या फळीकडं बघायचंसुद्धा नाही, एकेक साडी उजेडात आडवी धरून दाखवायची, मालकाला काय वाटायचं ते वाटू दे. फोन आला तो मुलीचा.

‘अप्पा, बस्ता बार्शीला बांधायचं ठरलंय.’

‘बरं झालं,’ मी म्हणालो. ‘तिथं चॉईस असतो. मी येतो की तिकडं. माल बघायला जाणता माणूस असावा सोबत. फसवतात.’

तिच्या मागं भांड्यांचा आवाज येत होता.

‘तुमी नका येऊ,’ ती म्हणाली. ‘राग धरू नका. तुमी आलाव तर माझं ध्यान साड्यांकडं राहायचं न्हाय.’

मी विचारलं, बस्ता कोणत्या वारी आहे. तिनं वार सांगितला.

‘मग मला जमणारच नव्हतं बघ,’ मी म्हणालो. ‘त्या दिवशी दुकानात लई गर्दी असती. मालक कुठला सोडतोय.’

‘व्हय,’ ती म्हणाली. ‘न्हाईच सोडायचे.’

त्या वारी आमचं दुकान बंद असतं. तिच्या लहानपणापासून त्याच वारी बंद असतं, आणि ते तिला माझ्याइतकंच ठाऊक आहे.